पोटात अन्न जातं, तरी अंग का झडतं?

घरात कॅन्सरचं दुखणं असलं, की भेटायला येणारे हमखास विचारतात, "किती वाळलाय हो! खायला देता ना नीट?" आणि ते ऐकून घ्यावं लागतं घरातल्या बाईला. आज आम्ही या झिजण्याचा इतिहास सांगणार आहोत.

खांदे, छाती, मांड्या गळून जाणाऱ्या रोग्यांचं वर्णन हिपोक्रेटिसच्या काळापासून चालत आलं आहे. ग्रीकांनी त्याला नाव दिलं कॅकेक्सिया, म्हणजे शरीराची वाईट अवस्था. १९३२ साली अमेरिकेतल्या शील्ड्स वॉरन यांनी कॅन्सरने गेलेल्या ५०० जणांची शवविच्छेदनं अभ्यासली. मृत्यूच्या कारणांत ही झीज बरीच वर निघाली. १९८० साली तीन हजारांहून जास्त रोग्यांच्या पाहणीत दिसलं, की केमोच्या आधीच वजन घटलेले रोगी कमी काळ जगतात.

पण झीज होते कशाने? १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी यांनी दाखवलं, की अंग झडवणारं 'कॅकेक्टिन' आणि गाठींच्या पेशी मारणारं म्हणून माहीत असलेलं टीएनएफ हे एकच रसायन आहे. ते आपलंच शरीर तयार करतं. अशी आणखीही रसायनं आहेत. त्यांनी भूक मरते आणि स्नायू वितळतात. २०११ साली तज्ज्ञांनी मिळून सांगितलं, की नुसतं खाणं वाढवून ही झीज पूर्ण भरून येत नाही. म्हणजे दोष तुमच्या हातच्या स्वयंपाकाचा नाही.

मात्र लवकर लक्ष दिलं तर पुष्कळ करता येतं. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. सहा महिन्यांत शंभरात पाचाहून जास्त, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोहून अधिक वजन घटलं, तर ती धोक्याची खूण. पण तेवढं घटेपर्यंत थांबू नका, उतरायला लागलं की डॉक्टरांना सांगा. अंगावर सूज असेल तर काटा फसवतो, हेही लक्षात असू द्या. थोडं थोडं, पण वरचेवर द्या. अंडी, डाळ, दही, पनीर, जे रुचेल ते. बळजबरी नको. झेपेल तेवढं चालवा, स्नायूंना काम मिळू द्या.

२०२३ साली पुदुच्चेरीच्या जिपमरमधल्या डॉक्टरांनी ओलान्झापिन हे जुनं औषध अगदी कमी मात्रेत देऊन केमोच्या रोग्यांची भूक आणि वजन वाढल्याचं दाखवलं. ते आपल्या मनाने आणायचं नाही. पण पुढच्या तपासणीला वजनाची वही घेऊन जा आणि विचारा, "डॉक्टर, भूक लागावी म्हणून काही देता येईल का?"