कठड्यावरचा पांढरा रंग

वास्तूचा इतिहास सांगताना आपण तिची बांधणी, तिचे मालक आणि तिथे घडलेले प्रसंग यांची नोंद घेतो. भिंतीवर एकावर एक चढत गेलेल्या रंगांची नोंद सहसा कोणी घेत नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात मात्र नेमका हा रंगच पुरावा ठरला. जुन्या घराच्या दुरुस्तीपूर्वी त्याच्या रंगाची व पत्र्यांची तपासणी का करावी, या आजच्या व्यावहारिक प्रश्नाचे मूळ आम्हांस त्या शहरात दिसते.

१८९० च्या दशकात तेथील डॉक्टरांपुढे पोटात कळा येणारी, हातपाय लुळे पडलेली मुले येऊ लागली. जेफेरिस टर्नर आदी वैद्यांनी हे शिशाचे विष असल्याचे ओळखले. पण शिसे मुलांच्या पोटात जाते कोठून, हे उमगेना. १९०४ साली लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्याने त्याचे उत्तर दिले. तेथील लाकडी घरांना प्रशस्त व्हरांडे असत आणि त्यांचे कठडे सफेत्याने, म्हणजे शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगाने, रंगवलेले असत. कडक उन्हाने त्या रंगाची भुकटी होई, ती खेळत्या मुलांच्या बोटांना लागे आणि बोटे तोंडात जात. १९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांचे हात पोहोचतील अशा ठिकाणी या रंगाच्या वापरावर कायद्याने निर्बंध घातले.

म्हणजे सत्य दडलेले नव्हते. तरीही अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीने १९०७ मध्ये आपल्या सफेत्यासाठी जे बोधचिन्ह निवडले, ते हाती कुंचला घेतलेल्या एका लहान मुलाचे होते. आणि त्या देशात घरगुती रंगांतील शिशावर बंदी आली ती १९७८ साली. ॲस्बेस्टॉसची कथाही अशीच आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथील कामगार स्त्री नेली कर्शॉ हिच्या मृत्यूचे कारण १९२४ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले होते. ब्रिटनमधील संपूर्ण बंदीला १९९९ साल उजाडले, तर ऑस्ट्रेलियात ती २००३ च्या अखेरीस अमलात आली.

जाणणे आणि थांबवणे यांतील या दीर्घ कालखंडात जी घरे बांधली व रंगवली गेली, ती आजही उभी आहेत. कायद्याने नवा माल थांबतो. भिंतीवरचा जुना थर तसाच राहतो. तो अखंड असेपर्यंत धोका पुष्कळ कमी असतो. परंतु पॉलिश पेपरने कोरडा रंग घासला की शिशाची धूळ घरभर पसरते आणि जुना पत्रा कापला वा त्याला भोक पाडले की ॲस्बेस्टॉसचे तंतू हवेत मिसळतात. त्यांचे परिणाम कित्येक दशकांनंतर फुप्फुसांत प्रकटतात. म्हणूनच अमेरिकेत २०१० पासून १९७८ पूर्वीच्या घरांतील अशा कामासाठी प्रशिक्षित व प्रमाणित कारागीर बंधनकारक झाले. तेथे आधी तपासणी करावी, अन्यथा रंगात शिसे आहे असे गृहीत धरूनच काम करावे, असा दंडक आहे.

भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग ठरवणारे नियम २०१६ मध्ये झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचे तैलरंग आपल्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर आहेतच. आणि ज्यांना आपण 'सिमेंटचे पत्रे' म्हणतो, त्यांतील पुष्कळसे ॲस्बेस्टॉसचे आहेत. हे सारे खरवडणारा रंगारी बहुधा तोंडाला साधा रुमाल बांधून काम करतो आणि घरातली मुले त्याच्या भोवती खेळत असतात.

जुन्या पोथीवर लेखणी चालवण्यापूर्वी तिचा पाठ तपासावा, हे आपण विद्यार्थ्यांना आग्रहाने शिकवतो. घराच्या बाबतीत हा आग्रह अधिकच हवा. रंगाचा एक टवका वा पत्र्याचा तुकडा स्वतः न फोडता जाणकाराकरवी प्रयोगशाळेत पाठवणे एवढेच ते काम आहे. गिब्सनने जे १९०४ मध्ये सांगितले, ते निदान आपल्या उंबऱ्याच्या आत तरी उशिरा पोहोचू नये.