सीडी, प्रारंभक्षम व स्वयंचालित

संगणकात घातल्यावर आपणहून कार्य सुरू करणारी प्रकाशीय तबकडी. तिचे दोन प्रकार आहेत. बूटेबल म्हणजे प्रारंभक्षम सीडीवर प्रचालन प्रणाली किंवा तिचा आरंभीचा अंश असतो. त्यामुळे हार्ड डिस्क कोरी वा नादुरुस्त असली, तरी तीवरून संगणक सुरू होतो. ऑटोरन म्हणजे स्वयंचालित सीडीला आधीच सुरू असलेली प्रचालन प्रणाली लागते; ती प्रणाली सीडीवरील सूचना वाचून ठरलेली आज्ञावली उघडते. व्यवहारात ह्या दोहोंची गल्लत होत असे. पण त्यांचे उगम व गुणदोष भिन्न आहेत.

इतिहास : फिलिप्स व सोनी ह्या कंपन्यांची ध्वनिमुद्रणाची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. संगणकीय माहितीच्या सीडीवरील फायलींची मांडणी १९८८ च्या आयएसओ ९६६० ह्या आंतरराष्ट्रीय मानकाने निश्चित झाली. तथापि संगणक प्रथम फ्लॉपीवरूनच सुरू करावा लागे व तीवरील चालक आज्ञावली स्मृतीत आल्यावर सीडी वाचता येई. फिनिक्स व आयबीएम ह्या कंपन्यांनी जानेवारी १९९५ मध्ये ‘एल टोरिटो’ हे विनिर्देशन प्रसिद्ध करून ही अडचण दूर केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या विंडोज ९५ प्रणालीने ऑटोरनची सोय दिली.

रचना : सीडीवरील माहिती प्रत्येकी २,०४८ बाइटांच्या सेक्टरांत विभागलेली असते. शून्यापासून मोजल्यास सतराव्या सेक्टरात प्रारंभाची नोंद असते. ती प्रारंभसूचीचे स्थान दर्शविते आणि सूची प्रारंभ-प्रतिमेचे. संगणकातील बायोस ही प्रतिमा १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी असल्याचे भासवून चालविते, किंवा कोणतीही बतावणी न करता तिचा आरंभीचा भाग थेट स्मृतीत घेते. ऑटोरनची रचना याहून साधी आहे. सीडीच्या मूळ निर्देशिकेत ‘ऑटोरन.आयएनएफ’ ही छोटी मजकूर-फाइल ठेवून तीत उघडावयाच्या आज्ञावलीचे नाव लिहितात.

घरगुती निर्मिती : सीडी लेखक यंत्रे स्वस्त झाल्यावर अशा सीडी घरीही होऊ लागल्या. फायलींची व प्रारंभ-प्रतिमेची मिळून एक आयएसओ प्रतिमा तयार करीत व ती तबकडीवर उतरवीत. प्रतिमा सामान्य फाइलप्रमाणे नुसती नकलून ठेवल्यास सीडीवरून संगणक सुरू होत नसे. अशा चुकीने सीडी वाया जाई. लेखन चालू असता माहितीचा प्रवाह खंडित झाल्यासही तबकडी निकामी होई. शिवाय बायोसमध्ये प्रारंभाच्या क्रमात सीडीला हार्ड डिस्कच्या आधी स्थान द्यावे लागे.

महाराष्ट्रातील उपयोग : भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगर परिसरातील गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये हाती घेण्यात आला. मात्र दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला ५६ किलोबिट ह्या कमाल वेगानेही ६५० मेगाबाइटांची एक सीडी उतरविण्यास सु. २७ तास लागत. त्यामुळे राधानगरीसारख्या डोंगराळ तालुक्यात संपूर्ण प्रणाली नेण्यास टपालाने वा हातोहात जाणारी सीडी हेच अधिक वेगवान साधन होते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या सहभागाने केंद्र शासनाने २००५ पासून भारतीय भाषांतील टंक व आज्ञावली सीडीवर विनामूल्य वाटल्या; त्यांत पुढे मराठीचाही समावेश झाला. क्लाउस क्नॉपर ह्यांच्या ‘नॉपिक्स’ने (२०००) हार्ड डिस्कला स्पर्श न करता सीडीवरूनच संपूर्ण प्रणाली वापरण्याची पद्धत लोकप्रिय केली.

दोष व ऱ्हास : वापरणाऱ्याला न विचारता आज्ञावली चालविणे ही ऑटोरनची सोय हाच तिचा दोष ठरला. सोनी बीएमजी कंपनीच्या काही संगीत-सीडी संगणकात लपून राहणारी आज्ञावली बसवितात, हे २००५ मध्ये उघड झाले. २००८ नंतर कॉनफिकर हा उपद्रवी संगणक-कृमी पेनड्राइव्हवरील ऑटोरनद्वारेही पसरला. परिणामी विंडोज ७ मध्ये (२००९) पेनड्राइव्हवरून होणारी स्वयंचालना बंद करण्यात आली. प्रारंभक्षम सीडीची जागाही पुढे पेनड्राइव्हने घेतली.

जतनाचा प्रश्न : अनेक मराठी शैक्षणिक व सांस्कृतिक सीडींतील मजकूर युनिकोडपूर्व टंकांत, तर चित्रपटले फ्लॅशसारख्या माध्यमात आहेत. फ्लॅशचा आधार २०२० अखेर संपला. घरी लिहिलेल्या तबकड्यांतील रंजकाचा थर उष्णता, प्रकाश व दमटपणा ह्यांमुळे खराब होतो. कोकणालगतच्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात हा धोका अधिक असतो. ह्यासाठी तबकडी वाचनीय आहे तोवर केवळ फायली न नकलता तिची संपूर्ण प्रतिमा घ्यावी. कारण प्रारंभाची नोंद फायलींच्या यादीत दिसत नाही. अशी प्रतिमा आभासी संगणकावर जुन्या प्रणालीसह पुन्हा चालविता येते.