प्रोटोकॉल कागदावर कसा उतरला

कचेरीतला कर्मचारी सकाळी संगणकावर नाव आणि पासवर्ड टाकतो. पुढच्या काही क्षणांत त्याचे फोल्डर समोर येतात, प्रिंटर मिळतो, आणि हिशेब विभागाची फाइल मात्र उघडत नाही. तो कोण, कोणत्या गटातला, त्याला काय पाहायची मुभा आहे, हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे डिरेक्टरी सर्व्हिस. तिचा पाया उघड्यावर घातला गेला होता. टेलिफोन खाती आणि मानक संस्था यांनी १९८८ साली एक्स.५०० हे मानक छापले. ते फार अवजड होते, म्हणून मिशिगन विद्यापीठात त्याची हलकी आवृत्ती तयार झाली आणि १९९३ साली एलडीएपी या नावाने प्रसिद्ध झाली. ओळख पटवण्याचा केर्बेरॉस हा प्रोटोकॉल एमआयटीमध्ये जन्मला. त्याची पाचवी आवृत्तीही १९९३ मध्येच आरएफसी १५१० म्हणून कोणालाही वाचता येईल अशी छापली गेली. फेब्रुवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बाजारात आणले तेव्हा त्यातली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी याच दोन प्रोटोकॉलांवर आणि इंटरनेटच्या डीएनएसवर उभी होती. तरीही दुसऱ्या कोणालाही तिच्या जागी आपला सर्व्हर बसवता येईना. पुढची बारा वर्षे या एका अडचणीशी झगडण्यात गेली. हा इतिहास बहुधा एका कंपनीच्या गुपिताची गोष्ट म्हणून सांगितला जातो. माझ्या मते त्यातला खरा प्रश्न वेगळा होता: प्रोटोकॉल लिहून कोणी द्यायचा, आणि लिहून दिलेला कागद कोणत्या परवान्याखाली द्यायचा. हे दोन प्रश्न एकत्र सुटले तेव्हाच काम झाले. त्यांपैकी एकच सुटला तेव्हा काहीच हाती लागले नाही.

पहिली ठिणगी केर्बेरॉसच्या तिकिटावरून पडली. आरएफसी १५१० ने तिकिटात अधिकारविषयक माहितीसाठी एक जागा मोकळी ठेवली होती. तिथे काय भरायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, अशी ती सोय. मायक्रोसॉफ्टने तिथे पीएसी नावाची आपली रचना भरली. तिच्यात वापरकर्त्याचा सुरक्षा क्रमांक, तो ज्या ज्या गटांत आहे त्यांचे क्रमांक, आणि त्यावर सर्व्हरच्या व तिकीट देणाऱ्या केंद्राच्या किल्लीने केलेल्या सह्या असतात. एमआयटीच्या केर्बेरॉसने दिलेले तिकीट विंडोजच्या सर्व्हरपुढे नेले, तर माणूस कोण ते सर्व्हरला कळे, पण गट कळत नसल्याने त्याला कोणती फाइल उघडू द्यावी हे ठरवता येत नसे. टीका वाढल्यावर एप्रिल २००० मध्ये कंपनीने पीएसीचे वर्णन प्रसिद्ध केले. ते एका स्वतः उलगडणाऱ्या फाइलमध्ये होते. आधी परवाना मान्य करायचा, मगच मजकूर दिसायचा. परवान्यानुसार हा मजकूर व्यापारी गुपित होता, सुरक्षेच्या तपासणीसाठी तो वाचायला हरकत नव्हती, पण त्यावरून सॉफ्टवेअर लिहिण्याचा हक्क मिळत नव्हता. स्लॅशडॉट या संकेतस्थळावर वाचकांनी मजकूर टाकला तेव्हा मे महिन्यात कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याखाली तो काढायची मागणी केली आणि संपादकांनी ती मानली नाही. कागद आहे, तो वाचताही येतो, पण सर्व्हर लिहिणाऱ्याने वाचला तर त्याचेच काम अडचणीत येते: अशा कागदापेक्षा तो नसलेला बरा. कारण वाचणारा नंतर काहीही लिहो, ते पाहून लिहिले की स्वतः शोधून, हा संशय त्याची पाठ सोडत नाही.

सांबा या मुक्त सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या मंडळींनी तर कागदाशिवाय काम करायची शिस्त आधीपासूनच अंगी बाणवली होती. अँड्र्यू ट्रिजेल हा कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. १९९१ च्या अखेरीस त्याने आपला पीसी आणि युनिक्स यंत्र यांच्यात फाइली वाटून घेण्यासाठी तारेवरून जाणारी पाकिटे टिपली, त्यांचा अर्थ लावला आणि त्याच भाषेत उत्तर देणारा सर्व्हर लिहिला. तोच पुढे सांबा झाला. ही पद्धत समजावताना तो फ्रेंच कॅफेचे उदाहरण देत असे: भाषा येत नसली तरी शेजारच्या टेबलावरचे गिऱ्हाईक काय बोलते आणि वेटर काय आणतो, हे पाहत बसले की हळूहळू ती उमगते. तारेवरचे बोलणे ऐकायला कोणाच्या परवानगीची गरज नसते. पुढे जाऊन चालू प्रोग्राम उलगडून पाहायचा, तर त्यालाही कायद्याने वाट ठेवलेली होती. युरोपच्या १९९१ च्या सॉफ्टवेअर निर्देशाने परस्परसंवादासाठी लागणारी माहिती काढायला परवानगी दिली. भारताच्या कॉपीराइट कायद्यातही १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(अब) आले. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवण्यासाठी आवश्यक ती माहिती, ती इतरत्र सहज मिळत नसेल तर, कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला मिळवता येते. दोन्हीकडच्या कायद्यांनी पाहण्याचा हक्क दिला. लिहून देण्याचे बंधन मात्र कोणावरच घातले नाही.

आता इथे एक रास्त आक्षेप येतो. पाहून पाहून सांबा उभा राहिला, चालला, जगभर पसरला. मग कागद हवेत कशाला? उत्तर डिरेक्टरीच्या घडणीत आहे. फाइल मागणे आणि फाइल देणे हा दोघांमधला संवाद आहे. तो तारेवर दिसतो आणि तिथेच संपतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत मात्र अनेक डोमेन कंट्रोलर, म्हणजे डिरेक्टरीची प्रत सांभाळणारे सर्व्हर, असतात, प्रत्येकावर बदल करता येतो, आणि ते बदल एकमेकांकडे पोचवतात. समजा पुण्याच्या कचेरीत एका कर्मचाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक बदलला आणि त्याच सुमारास नागपूरच्या कचेरीत तोच क्रमांक वेगळा टाकला. कोणता टिकेल? ज्या नोंदीचा आवृत्ती क्रमांक मोठा ती. तो सारखा असेल तर जी नंतर झाली ती. वेळही तीच असेल तर ज्या कंट्रोलरचा ओळख क्रमांक मोठा त्याची. नियम तीन ओळींत सांगता येतो, पण तारेवर दिसतो तो फक्त निकाल, तोही सांकेतिक रूपात गुंडाळलेला. तिसरी पायरी वर्षानुवर्षे प्रत्यक्षात येणारच नाही. ऐकणाऱ्याने एखादा नियम चुकीचा ताडला, तर चूक महिनोन्‌महिने लपून राहील आणि एके दिवशी दोन कंट्रोलर एकाच माणसाविषयी दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतील. सप्टेंबर २००३ मध्ये आलेला सांबा ३.० अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा सभासद होऊ शकत होता, पण स्वतः तिचा कंट्रोलर होऊ शकत नव्हता. नुसते पाहून जिथवर जाता येते, तिथवर ही मंडळी पोचली होती.

लिहून देण्याचे बंधन आले ते ब्रसेल्सहून. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९८ च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टकडे माहिती मागितली, नकार मिळाला, आणि १० डिसेंबरला तिने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. २४ मार्च २००४ ला स्पर्धा आयुक्त मारिओ मोंती यांच्या कारकिर्दीत आयोगाने निकाल दिला: सुमारे ४९७ दशलक्ष युरोंचा दंड, आणि कार्यगट सर्व्हरसाठी लागणारी परस्परसंवादाची माहिती पूर्ण व अचूक स्वरूपात, वाजवी अटींवर देण्याचा आदेश. त्यानंतर जे घडले ते मला या इतिहासात सर्वात बोलके वाटते. देण्याजोगा कागद कंपनीकडे तयार नव्हता. ज्ञान कोडमध्ये होते आणि कोड लिहिणाऱ्या अभियंत्यांच्या डोक्यात होते. विंडोज विंडोजशी बोलत असताना ते वेगळे लिहून ठेवायची गरजच कधी पडली नव्हती. आयोगाने नेमलेले तज्ज्ञ नील बॅरेट यांनी दिलेले मसुदे तपासून ते अपुरे ठरवले. कंपनीने सोर्स कोड दाखवायची तयारी दाखवली. पण कोड पाहून लिहिणे म्हणजे पीएसीच्या वेळचा संशय पुन्हा मानगुटीवर घेणे, आणि शिवाय कोडमधला कोणता भाग प्रोटोकॉलचा आणि कोणता सोयीचा, हे कोड सांगत नाही. शेवटी शेकडो अभियंते लिहिण्याच्या कामाला लावल्याचे कंपनीनेच जाहीर केले. १२ जुलै २००६ चा २८०.५ दशलक्ष युरोंचा दंड या अपुऱ्या दस्तऐवजांसाठी होता.

पण कागद सुधारत गेला तरी दार उघडले नाही, कारण परवाना आड येत होता. कंपनीने सुरुवातीला गुप्त माहितीसाठी विक्रीच्या उत्पन्नाच्या २.९८ टक्के आणि पेटंटांच्या परवान्यासाठी ३.८७ टक्के मोबदला मागितला होता, आणि माहितीवरून लिहिलेला कोड उघड करायला बंदी होती. सांबासारख्या, जीपीएल या मुक्त परवान्याखालच्या सॉफ्टवेअरची प्रत कोणीही कोणालाही देऊ शकतो. प्रती मोजणारा कोणी नसतो आणि सोर्स कोड सोबत द्यावाच लागतो. म्हणजे या बाजारात मायक्रोसॉफ्टला उरलेला जो खरा प्रतिस्पर्धी, त्यालाच ही अट पाळणे अशक्य होते. सनने २००४ च्या एप्रिलमध्ये आणि नोव्हेलने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टशी तडजोड करून या प्रकरणातून अंग काढून घेतले. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप आणि सांबाची मंडळी मात्र शेवटपर्यंत आयोगाच्या बाजूने उभी राहिली. सप्टेंबर २००७ मध्ये लक्झेम्बर्गच्या न्यायालयाने आयोगाचा निर्णय उचलून धरला. २२ ऑक्टोबरला कंपनीने टक्केवारी सोडून एकदाच १०,००० युरो घ्यायचे कबूल केले. २० डिसेंबर २००७ ला सांबाच्या वतीने स्थापन झालेल्या प्रोटोकॉल फ्रीडम इन्फर्मेशन फाउंडेशनने तेवढे पैसे भरून करार केला. दस्तऐवज गोपनीय राहतील, पण त्यांवरून लिहिलेला कोड उघड करता येईल, आणि कोणती पेटंटे लागू आहेत त्यांची यादी कंपनी देईल, म्हणजे ती टाळून लिहिता येईल. फेब्रुवारी २००८ मध्ये आयोगाने आणखी ८९९ दशलक्ष युरोंचा दंड केला (२०१२ मध्ये तो ८६० दशलक्ष झाला). तो माहिती लपवल्याचा नव्हता, तिची किंमत अवाजवी लावल्याचा होता. या प्रकरणातला सर्वात मोठा दंड परवान्याच्या अटींबद्दल झाला, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही.

मायक्रोसॉफ्टची बाजू दुबळी नव्हती, आणि ती नीट ऐकून घ्यायला हवी. कोणी पैसा आणि वर्षे खर्चून काही घडवले, तर प्रतिस्पर्ध्याला ते लिहून द्यायला भाग पाडणे हा अन्याय नाही का? उद्या कोणी नवे कशाला घडवील? लक्झेम्बर्गच्या न्यायालयापुढे २००६ च्या एप्रिलमध्ये झालेल्या सुनावणीत कंपनीने निळ्या बुडबुड्याचा दाखला दिला: आतले सर्व कंट्रोलर इतके एकजीव आहेत की परका सर्व्हर आत बसवायचा तर तो आतून तसाच असावा लागेल, म्हणजे ती नक्कलच झाली. न्यायालयाने हे मान्य केले नाही. सर्व्हरांनी आपसात काय बोलायचे हे सांगणे वेगळे, आणि ते बोलणे आतून कसे घडवायचे हे सांगणे वेगळे. एलडीएपीचे एकच वर्णन वाचून अनेकांनी आपापले, आतून पूर्ण भिन्न सर्व्हर लिहिले होतेच. आणि नावीन्याचा मुद्दा आयोगाने तपासूनच पाहिला. पेटंट नसलेल्या ज्या १७३ तंत्रांसाठी कंपनी मोबदला मागत होती, त्यांपैकी १६६ मध्ये नवे असे काही आढळले नाही. पीएसीचेही तसेच. त्यात शोध असा कमीच होता. तिचे मोल एवढ्यात होते की ९० टक्क्यांहून अधिक पीसींवर जे विंडोज चालत होते, ते तिची अपेक्षा करत होते. अशा ठिकाणी मोबदला शोधाला मिळत नाही, अडवणुकीला मिळतो.

दुसरी भीती सुरक्षेची होती: सगळे लिहून ठेवले तर हल्लेखोराला आयते मिळेल. अनुभव उलटा आला. फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे ३०,००० पाने सर्वांसाठी फुकट खुली केली. ११ डिसेंबर २०१२ ला आलेला सांबा ४.० स्वतःच अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा कंट्रोलर झाला. एकाच वर्णनावरून दोन ठिकाणी स्वतंत्र काम होऊ लागले की वर्णनातल्याच चुका उघड्या पडतात. स्टेफान मेट्झमाखर या सांबाच्या सदस्याला खात्यांच्या आणि सुरक्षा धोरणांच्या प्रोटोकॉलात अशी फट सापडली की मध्ये उभा राहिलेला हल्लेखोर संरक्षणाची पातळी खाली उतरवून दुसऱ्याच्या नावाने काम करू शके. दोष प्रोटोकॉलात असल्याने विंडोज आणि सांबा दोन्ही बाधित होते, आणि १२ एप्रिल २०१६ ला दोघांनी एकाच दिवशी दुरुस्ती दिली. प्रोटोकॉलचा दुसरा वाचक नसता तर हा दोष कोणाला आणि कधी दिसला असता, याचा विचार सुरक्षेची भीती घालणाऱ्यांनी करावा.

परवान्याची अडचण फक्त एका बाजूने येते असेही नाही. सांबाने जुलै २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती स्वीकारली, आणि २०११ मध्ये अ‍ॅपलने आपल्या प्रणालीतून सांबा काढून स्वतःचा सर्व्हर लिहिला. त्यामागे हाच परवाना होता असे सर्वत्र मानले जाते. यावरून मुक्त परवानाही तितकाच अडवणारा, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. अ‍ॅपलला सांबाचा कोड सोडावा लागला, पण प्रोटोकॉल सोडावा लागला नाही. वर्णन खुले असल्यामुळे तिला आपला वेगळा कोड आपल्या परवान्याखाली लिहिता आला. कोडचा परवाना लिहिणाऱ्याने हवा तो ठेवावा. ज्यावरून कोड लिहायचा, त्या वर्णनाच्या वाटेवर मात्र फाटक नसावे. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी जे खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, त्यात मानक मोबदल्याविना मिळावे ही अट घातली ती याच रीतीने.

आता डिरेक्टरी कचेरीतून उठून मायक्रोसॉफ्टच्या दूरच्या सर्व्हरांवर चालली आहे. २०२३ मध्ये अझुर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचे नाव बदलून एंट्रा आयडी झाले. ग्राहकाने बाहेरून कसे विचारायचे हे तिथे सविस्तर लिहिलेले आहे. आतले सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते मात्र ग्राहकाच्या तारेवरून जातच नाही, त्यामुळे पाहण्याचा जो हक्क १९९१ आणि १९९९ च्या कायद्यांनी दिला, तो वापरायला तिथे काही समोर येत नाही. २००४ च्या आदेशाचा आधार असा होता की ग्राहकाच्या नेटवर्कात दोन कंपन्यांचे सर्व्हर शेजारी शेजारी असतील आणि त्यांना बोलावे लागेल. जिथे शेजारी बसायची जागाच उरलेली नाही, तिथे लिहून देण्याचे बंधन कशाच्या आधारावर घालायचे, हे ब्रसेल्समध्येही अजून ठरलेले नाही आणि दिल्लीतही नाही.