बाल-किशोर मानसिक आरोग्य समन्वय (नांदेड-लातूर)

मानसिक त्रासातल्या मुलाचे घर, शाळा आणि दवाखाना यांना एका धाग्यात ठेवण्याचे काम. मराठवाड्यात ते बरेचसे किशोरवयीनांसाठीच्या सरकारी मैत्री क्लिनिकमधील समुपदेशक आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील सामाजिक कार्यकर्ते सांभाळतात. मैत्री क्लिनिक ज्यात येतात तो १० ते १९ वयोगटासाठीचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. मानसिक आरोग्य हा त्याचा एक विषय.

‘लातूर पॅटर्न’ या नावाजलेल्या अभ्यासपद्धतीमुळे नीट-जेईईसाठी गावोगावची मुले लातूर-नांदेडला खोली घेऊन राहतात. झोप उडालेली, डबा न उघडलेला अशा मुलाची पहिली कुणकुण मेसवाल्या मावशींना लागते, आईवडिलांना नव्हे. म्हणून मावशींशी ओळख ठेवणे हेही या कामात मोलाचे. १८ वर्षांखालील मुलांच्या उपचारांना पालकांची संमती लागते आणि मुखेड-कंधारचे बरेच पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात. त्यांना फोनवर समजावताना मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाचीही मनधरणी करावी लागते. तपासणीला नांदेडला यायचे, तर किनवटहून ते शंभर किलोमीटरहून दूर. एका तपासणीत पालकांची रोजंदारी बुडते, मग पुढची तारीख चुकते. ती चुकू न देणे हेच या कामातले सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी दिसणारे कौशल्य. रात्रीबेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक उपयोगी पडतो.