संकटात टॉवर कुणाचा?

अमेरिकेत १९८३ साली व्यावसायिक मोबाइल सेवा सुरू झाली, तेव्हा प्रत्येक विभागात दोनच कंपन्यांना परवाना मिळे: एक ‘ए’ बाजूची, दुसरी ‘बी’ बाजूची. फोन सुरू केला की तो आपल्या बाजूच्या २१ नियंत्रण वाहिन्या चाचपून पाही आणि ज्या सेलचा, म्हणजे टॉवरच्या क्षेत्राचा, सिग्नल सर्वांत जोरकस, त्याच्याशी जोडला जाई. एकाच बाजूला बांधून दिलेला फोन पलीकडच्या कंपनीची पूर्ण रेंज असली तरी तिकडे वळत नसे. बिल कुणी आकारायचं हे त्यातून सुटसुटीत ठरे, म्हणून रोजच्या बोलण्याला हा नियम चालून गेला. ९११ हा आणीबाणीचा क्रमांक फिरवणाऱ्या जखमी माणसाला मात्र तोच नियम घातक होता. टॉवर जवळ असूनही मदत मागता येऊ नये, ही अडचण तंत्रज्ञानाची नव्हती, व्यवहाराची होती. आणीबाणीच्या मोबाइल सेवेची खरी प्रगती ही व्यवहाराची भिंत पाडण्यातच झाली, असं माझं ठाम मत आहे.

युरोपात जीएसएम या मोबाइल प्रणालीच्या रचनाकारांनी ही भिंत तांत्रिक रचनेत मुळातच ठेवली नाही. आपल्या कंपनीचा सेल सापडला नाही, तर फोन मिळेल त्या कंपनीच्या सेलवर थांबतो आणि तिथून ११२ हा आणीबाणीचा क्रमांक लावू देतो. सह्याद्रीच्या घाटात रेंज गेल्यावर पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ उमटतं, ते याच तरतुदीमुळे. अमेरिकेत मात्र त्यासाठी झगडावं लागलं. ९११चा कॉल दोन्ही बाजूंपैकी ज्या सेलचा सिग्नल जोरकस असेल तिथून जावा, अशी मागणी नागरिकांच्या गटांनी लावून धरली.

त्यावरचा तांत्रिक आक्षेप खोटा नव्हता. टॉवरचा आवाज फोनला मोठा ऐकू आला, तरी हातातल्या फोनचा जेमतेम ०.६ वॅटचा सिग्नल टॉवरपर्यंत पोहोचेलच असं नाही. शिवाय त्या सेलच्या बोलण्याच्या वाहिन्या भरलेल्या असू शकतात. म्हणूनच एफसीसी या नियामक आयोगाने १९९९ साली एकाच पद्धतीचा हट्ट धरला नाही. नव्या अ‍ॅनालॉग फोनसाठी त्याने तीन पर्याय मान्य केले. एका बाजूने कॉल लागला नाही तर दुसरी बाजू आजमावायची, हे त्यांतलं मुख्य सूत्र. दुसरा आक्षेप खोडसाळ कॉलचा. त्यापायी जर्मनीने २००९ साली सिम नसलेल्या फोनवरून ११२ लावणं बंद केलं. पण सिम असलेल्या माणसाला परक्या कंपनीच्या जाळ्यावरून ११२ लावण्याची मुभा तिथे कायम राहिली. ब्रिटनने तर त्याच वर्षी ती नव्याने दिली. म्हणजे हा आक्षेप निनावी कॉलला लागू पडतो, परक्या सेलच्या वापराला नाही.

आज अनेक देशांत जुनी २जी-३जी जाळी बंद होत आहेत आणि आणीबाणीचे कॉल ४जी-५जीवर येत आहेत. म्हणून आपली कंपनी गायब झाली तर नवा फोन या नव्या जाळ्यांवर दुसऱ्या कंपनीच्या सेलवरून मदत मागू शकेल का, याची चाचणी तो विक्रीला येण्याआधीच सक्तीने व्हायला हवी. जीव वाचवणाऱ्या कॉलपुरता प्रत्येक टॉवर सार्वजनिकच मानला पाहिजे.