मंडळीची पंगत

मराठी ख्रिस्ती समाजात उपासनेच्या वास्तूला 'देऊळ' म्हणतात आणि तेथे जमणाऱ्या माणसांना 'मंडळी'. हा दुसरा शब्द मोठा घरगुती आहे. जेवायला बसलेली ती मंडळी, लग्नाला आलेली ती मंडळी. जुन्या वळणाच्या गृहस्थाच्या तोंडी तर पत्नी हीच 'आमची मंडळी'. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी तो स्वीकारला, तेव्हा पंगतीचा अर्थही त्यासोबत आला. हा अर्थ निभावणे पहिल्या शतकातही सोपे गेले नव्हते. करिंथ शहरात प्रभुभोजनाच्या वेळी काहींनी आधी जेवून घ्यावे आणि गरिबांनी उपाशी राहावे, असा प्रकार घडू लागला तेव्हा पौलाने त्या मंडळीची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रभूचे तेज माणसांच्या मुखावर आरशाप्रमाणे उमटण्याची कल्पना आली आहे. दोन्ही पत्रे जवळ ठेवून वाचली म्हणजे देवाचे गौरव कोठे दिसावे हा प्रश्न पंगतीपाशी येऊन ठेपतो.

महाराष्ट्रात तो ठळकपणे उभा राहिला तो अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने तेथे ठाणे मांडले. प्रारंभी हरी रामचंद्र खिस्ती यांच्यासारखे काही ब्राह्मण मंडळीत आले. पुढे आसपासच्या खेड्यांतून जे लोक आले त्यांत महारांची संख्या मोठी होती आणि काही मांगही होते. मंडळीत येताना जात सोडावी असा दंडक होता, आणि त्याची कसोटी प्रभुभोजनाच्या एका प्याल्यात होती. त्या प्याल्याला ओठ लावणे म्हणजे ब्राह्मणाच्या दृष्टीने घरदार, आप्त आणि श्राद्धाचा अधिकार एका घोटात गमावणे होते. महाराला तो सहज वाटे असेही नाही. कारण महार-मांगांमध्येही उच्चनीचतेची रेघ होतीच, आणि ती बाप्तिस्म्याच्या पाण्याने सर्वत्र धुतली गेली असे इतिहास सांगत नाही. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती दलितांना वगळले. या मंडळ्यांत जात उरलेली नाही हे कायद्याने जितक्या सहजतेने गृहीत धरले, तितक्या सहजतेने त्या मंडळ्यांतील अनुभवी पाळकही धरणार नाही.

एकत्र जेवण्याची कल्पना मराठी मनाला नवी नव्हती. वारकऱ्यांच्या काल्यात जातिभेद विसरून एकमेकांच्या मुखी घास घालण्याची परंपरा शतकांची. परंतु तो काला वाळवंटातला. पंढरीहून परतलेला वारकरी आपल्या गावी आपल्या आळीत जाई, आणि चोखामेळ्याच्या वंशजांना विठ्ठलाच्या मंदिराचे दार १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर, उघडले. ख्रिस्ती मंडळीने अंगावर घेतलेले काम अधिक अवघड होते: सणाच्या दिवशीचा काला रोजच्या स्वयंपाकघरात आणणे.

नारायण वामन टिळकांना हे मर्म कळले, कारण ते तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले होते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या या ब्राह्मण कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी देवळांत विलायती चालींवर बेतलेली गीते बरीच गायिली जात. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी ती रुंद केली. अभंग, ओवी, भजन ही रूपे त्यांनी देवळात आणली. ज्यांच्या पूर्वजांना पंढरपुरी चोखोबांच्या पायरीपुढे पाऊल टाकता येत नव्हते, ते आता वेदीसमोर बसून टाळ धरू लागले. अनेक कंठांनी एका चालीत गाणे हीही एक पंगतच, आणि ती ताटांच्या पंगतीपेक्षा लवकर जमली, असे म्हणावयास हरकत नाही.

ताटांची पंगत जमायला लक्ष्मीबाई टिळक लागल्या. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पुन्हा टिळकांच्या सन्निध राहू लागल्या, तरी आरंभी त्यांचे सोवळे, त्यांची चूल, त्यांचे पाणी सारे वेगळे. एकाच संसारात दोन चुली, आणि मधे देवाचे नाव! 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे दिवस स्वतःच्या फजितीसह सांगितले आहेत. कोणाच्या व्याख्यानाने त्यांचे मन पालटले नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी एका रात्री स्वतःशीच घोळवला. उत्तर मिळाले तसे दुसऱ्या दिवसापासून अन्नपाण्याचा विटाळ सोडला. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली, म्हणजे त्यानंतर, घेतला. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी स्वयंपाकघर पालटले, मग धर्म. पुढे त्या घरात दुष्काळाने उघडी पडलेली लेकरे वाढली. बालकवी ठोंबरेही तेथे राहून गेले. धर्म न बदलता ते त्या पंगतीला बसले, आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

त्या घराचेच मोठे रूप टिळकांना हवे होते. १९१२ पासून 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग सांभाळताना मिशनरी आणि देशी ख्रिस्ती यांच्यातले पोशिंदा-आश्रिताचे नाते त्यांना सलत होते. दिलेल्या अन्नावर जगणारी मंडळी पंगतीचा यजमान कशी होणार, असा तो सल होता. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी त्यात भावंडांप्रमाणे एकत्र यावे अशी योजना होती. तीत धाडस होते तसा भाबडेपणाही होता. ज्यांनी बाप्तिस्म्यापायी घरदार गमावले, त्यांच्या शेजारी काहीही न गमावलेला भक्त येऊन बसतो तेव्हा त्यांच्या त्यागाचे मोल काय, या आक्षेपातही वजन आहे. दरबाराला त्याचे उत्तर द्यायला अवधीच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले आणि एका माणसाच्या श्वासावर चाललेली संस्था ओसरत गेली.

टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. पुढे त्याचा आश्रम पुण्यात होता. इंग्रज आणि हिंदी सभासद तेथे खादी नेसून जमिनीवर एका पंक्तीत बसत. राज्यकर्ता आणि प्रजा यांची ती पंगत त्या काळी पुष्कळांच्या डोळ्यांत भरली असणार.

टिळकांनी हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' मात्र थोड्याच अध्यायांवर थांबले होते. वेगळ्या चुलीवर रांधणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. १९३६ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यातील बहुतेक अध्याय त्यांच्या हातचे होते.