तगर ते तेर : पांढरीच्या मातीत जपलेले नगर

१. धाराशिवच्या ईशान्येस, तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे एक गाव आहे. बहुतेकांना ते संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ठाऊक असते. परंतु गोरोबाकाकांच्या आधी बाराशे वर्षे हेच गाव रोमन जगाशी व्यापार करणारे एक महानगर होते. त्या नगराचा शोध कसा लागला आणि त्याचा पुरावा कोणी वाचवला, हे सांगणारा हा धागा.

२. आरंभ भूगोलापासून करू. बालाघाटच्या पठारावर उगम पावणारी तेरणा पूर्वेकडे वाहत जाऊन मांजरेला मिळते आणि मांजरा पुढे गोदावरीला. भोवती कापसाला मानवणारी काळी जमीन. उत्तरेस पैठण, तर दक्षिणेस आणि पूर्वेस कर्नाटक व आंध्राकडे उतरणाऱ्या वाटा. समुद्रापासून इतक्या दूर असूनही हे स्थान व्यापाराच्या दृष्टीने मोक्याचे होते.

३. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने सागरी व्यापाराची मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तीत म्हटले आहे, की भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. पैठणहून अकीकासारखे दगड येत, तर तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि पूर्व किनाऱ्याकडचा माल. हे सारे गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात पोचवले जाई.

४. पुढे टॉलेमीनेही तगरचा उल्लेख केला. इ.स. ६१२ च्या, दुसऱ्या पुलकेशीच्या ताम्रपटातील दान तगरनिवासी ब्राह्मणाला दिलेले आहे. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार तर स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. आपले मूळ त्या श्रेष्ठ नगरात आहे, हे सांगण्यात त्यांना भूषण वाटे. नगराचे वैभव ओसरल्यावरही त्याचे नाव राजांच्या बिरुदात असे टिकून राहिले.

५. मात्र नाव उरले आणि ठिकाण विसरले गेले. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी तगरचा शोध सुरू केला, तेव्हा कोणी देवगिरीकडे बोट दाखवले. पंडित भगवानलाल इंद्रजींना जुन्नर संभवनीय वाटले, तर डॉ. रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवले. या विद्वानांच्या व्यासंगाविषयी शंका घेण्याचे कारण नाही; पण तेरकडे कोणाचे लक्षच गेले नाही.

६. हा गुंता १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी सोडवला. त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग भाषेचा होता आणि मराठी माणसाला तो चटकन पटावा. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो. ‘नगर’चे ‘नयर’ आणि त्याचे ‘नेर’ झाले, म्हणून आपल्याकडे अमळनेर आहे, पिंपळनेर आहे. त्याच नियमाने ‘तगर’चे ‘तयर’ आणि ‘तयर’चे ‘तेर’. ज्या नावासाठी नकाशे धुंडाळले जात होते, ते गावकऱ्यांच्या तोंडी रोजच होते.

७. पैठण ते तेर हे सरळ अंतर सुमारे दीडशे किलोमीटर भरते. मालाच्या गाड्यांना दहा दिवस लागावेत, हे त्याच्याशी जुळते. दिशा मात्र नेमकी पूर्व नसून आग्नेय आहे. ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याची एवढी चूक क्षम्य मानावी लागेल.

८. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी तेरच्या वास्तूंची पाहणी केली. त्रिविक्रम मंदिरापुढे ते थबकले, त्यास कारण होते. मागची बाजू अर्धवर्तुळाकार, वर गजपृष्ठाकार छत आणि सारे बांधकाम विटांचे. कार्ले-भाजे येथे कातळात कोरलेल्या चैत्यगृहांचा हा बांधीव नमुना. असे नमुने भारतात अगदी मोजके उरले आहेत. आंध्रातील चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिर त्यांपैकी एक. मुळात हा बौद्ध चैत्य असावा, असे कझिन्स यांचे मत होते. आज तेथे पाऊल उंचावलेला त्रिविक्रम विष्णू उभा आहे. उपासना बदलली तरी वास्तू वापरात राहिली आणि म्हणूनच ती वाचली.

९. गावात उत्तरेश्वराचे जुने मंदिरही आहे आणि तेही विटांचेच. तेरच्या काही जुन्या विटा इतक्या हलक्या आहेत, की त्या पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा मिसळून वीट भाजली, की भुसा जळून जातो आणि आत पोकळ्या राहतात. छताचा भार कमी करण्याची ही साधी पण हुशार युक्ती होती.

१०. स्वातंत्र्योत्तर काळात येथे अनेकदा उत्खनन झाले. त्यातून आणि गावातील पृष्ठभागावर सापडलेल्या वस्तूंतून सातवाहनकालीन नगराचे चित्र उभे राहिले : मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, केओलीन या पांढऱ्या मातीच्या साच्यात घडवलेल्या सुबक मूर्ती, रोमन नाण्यांची मातीतली नक्कल. सर्वांत प्रसिद्ध आहे ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली अशाच धाटणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. भोकरदनलाही तशीच एक मिळाली. ‘पेरिप्लस’मधली ती गाडीवाट केवळ कागदावरची नव्हती, याची ही साक्ष.

११. आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. शतकानुशतकांची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडे यांनी पांढरीची माती बनते आणि ती पिकाला उत्तम खत ठरते. म्हणून दख्खनमधील असंख्य जुन्या गावांची पांढरी टोपल्या-टोपल्यांनी काळीत गेली. शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण त्याने रान पिकवले. पण मातीचे थर एकदा विस्कटले, की कोणती वस्तू कोणत्या काळाची, कोणाच्या घरातली, कशाशेजारची, हे पुन्हा कधीही कळत नाही. वस्तू उरते, तिचा पत्ता हरवतो.

१२. म्हणूनच या कथेत रामलिंगप्पा लामतुरे यांचे स्थान राजांपेक्षा मोठे आहे. ते तेरचेच रहिवासी. पाऊस पडून गेल्यावर उघड्या पडणाऱ्या, कुदळीला लागणाऱ्या, पोरांच्या खेळण्यात जाणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या. इतरांनी फेकून दिलेले खापर त्यांना मोलाचे वाटले. आज तेरमधील शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे आणि त्याचा पाया त्यांचा संग्रह आहे.

१३. शेवटी गोरोबाकाकांकडे येऊ. तेराव्या शतकात, यादवांच्या राज्यात, त्यांनी याच गावी मडकी घडवली. संतांच्या मेळ्यात थापटणे हाती घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर थाप मारीत कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे त्यांनी पारखले, आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा वारकरी परंपरेत सर्वांना ठाऊक आहे. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे. आजही वारकरी तेथे माथा टेकतात.

१४. पक्के मडके कोणते, तर जे आगीतून निघाले आणि पाण्याला पुरून उरले. तगरच्या मलमलीचा एक धागाही आज हाती नाही. तिच्या व्यापाऱ्यांची नावेही गेली. उरल्या त्या भाजलेल्या विटा, खापरे आणि मातीच्या मूर्ती. हे नगर विणकरांमुळे जगाला ठाऊक झाले; आपल्यापर्यंत मात्र ते कुंभारांनी पोचवले.

१५. समाधीच्या दर्शनाला तेरला गेलात, तर त्रिविक्रमाच्या मागच्या बाजूस जाऊन ती गोलाई नक्की पाहा, संग्रहालयात तासभर काढा. आणि आपल्या गावच्या पांढरीत पाया खणताना एखादे वेगळे खापर लागले, तर ते फेकण्याआधी क्षणभर थांबा. ते कोठे, किती खोलवर मिळाले हे लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. तेरचे नाव बिरुदांनी टिकवले. तेरचा इतिहास मात्र वाकून खापर उचलणाऱ्या हातांनी वाचवला.